ओनरांत घेतलेलं चेडू

सुर्ल्यात ‘ओनर’ या शब्दाचा एकच अर्थ होता. ज्याच्या नावाचा टिप्पर खाणीवरून माल भरून जेटीवर जातो, जो पांढरा शर्ट घालून जीपमधून येतो आणि नाक्यावरचा चहासुद्धा जीपमध्ये बसूनच पितो, तो ओनर. बाकी आम्ही सगळे ड्रायव्हर, क्लीनर आणि त्यांची पोरंबाळं. गोवा राज्य होऊन थोडीच वर्षं झाली होती. कोकणी की मराठी यावरून नाक्यावर अजून लोकांची डोकी तापायची, पण ओनर कोणाला म्हणायचं यावर दोन्ही बाजूंचं एकमत होतं.

माझे बाबा लग्नाआधीच सावंतवाडीकडून इथे आले ते दुसऱ्याच्या टिप्परवर ड्रायव्हर म्हणून, आणि मी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला पोहोचले तरी ते दुसऱ्याच्याच टिप्परवर होते. स्वतःची गाडी घेण्याबद्दल ते कधी बोलले नाहीत. मात्र शेटच्या टिप्परची काच ते स्वतःच्या घराची असल्यासारखी पुसायचे आणि कुणी त्याचा दरवाजा आपटला की त्यांचा दिवस खराब व्हायचा.

त्या वर्षी विद्यापीठाने इंजिनिअरिंग आणि कॉम्प्युटरच्या मुलांसाठी ऑनर्सचा नवा वर्ग काढला. मोजकी मुलं निवडायची, त्यांना जादा विषय द्यायचे, राहायला हॉस्टेल द्यायचं, आणि वर्षभरात प्रत्येकाने स्वतःच्या डोक्यातलं एखादं काम तडीस न्यायचं. शिवाय लॅब सुट्टीच्या दिवशीही खुली. एवढं ऐकूनच मी अर्धी वेडी झाले. आमच्या वर्गात एका कॉम्प्युटरवर तिघं-चौघं असायचो. चपला बाहेर काढायच्या, देवळात शिरल्यासारखं गुपचूप आत जायचं, आणि की-बोर्डला बोट लावायची पाळी येईपर्यंत तास संपलेला असायचा. एक तगडा मुलगा तर की-बोर्ड मांडीवर घेऊनच बसायचा. त्याला मी दोनदा कोपराने ढोसलं होतं, आणि त्याचा मला आजही पश्चात्ताप नाही.

मुलाखतीत विचारलं, लॅब हवी तेवढी मिळाली तर काय करशील? मी म्हटलं, आमच्याकडे जेटीवर टिप्परांची रांग लागते, ती प्रोग्राम लिहून कमी करता येते का ते बघेन. समोर बसलेले एक वयस्कर सर हसले आणि कोकणीत म्हणाले की आधी तू रांगेत उभी राहायला शीक, तुझ्या आधीची मुलगी अजून बाहेर बसलीय. मी घाईघाईत तिचा नंबर ओलांडून आत घुसले होते. आता काही खरं नाही असं समजून मी घरी आले.

पण निवड झाली. आमच्या घरी फोन नव्हता, म्हणून मी नाक्यावरच्या किराणा दुकानाचा नंबर दिला होता. निरोप दुकानदाराने घेतला आणि तिथल्या तिथे सगळ्या गिऱ्हाइकांना सांगून टाकला, की अमक्या ड्रायव्हरच्या चेडवाला ओनर्समध्ये घेतलं. चेडू म्हणजे मुलगी, तेवढं बरोबर होतं. बाकी त्याने फोनवर जे ऐकलं ते सुर्ल्याच्या कानांनी ऐकलं.

हे मला कुणी सांगितलं नाही. संध्याकाळी मी नाक्यावरून चालले, तर भाजी-पाव खात बसलेल्या क्लीनर पोरांनी विचारलं, नवा घेतलास की जुना? मला वाटलं, चेष्टा चाललीय. चेष्टेत मी कुणाला हार जाणारी नव्हते. म्हटलं, नवा, दहा चाकी, हॉर्नसकट. झालं. सकाळी सायकलवरून पाव घेऊन येणाऱ्या पोदेराने आईला दोन उंडे, म्हणजे गोल पाव, जास्त दिले आणि पुढेमागे आम्हांला विसरू नका म्हणाला. आईला काही कळलं नाही, पण उंडे तिने ठेवून घेतले.

बाबा मात्र गप्प झाले होते. मी पास झाले की पेढे घेऊन येणारा हा माणूस, ऑनर्सची बातमी ऐकून नुसता “बरा झाला” म्हणाला आणि आंघोळीला गेला. मला ते लागलं.

आणि नेमकी त्यांचीच गरज होती. हॉस्टेलमध्ये राहायचं असल्यामुळे रुजू होताना आई किंवा वडील जातीने हजर पाहिजेत, नाहीतर जागा पुढच्या मुलाला, असा नियम होता. आई कोंबडीमागे धावताना न्हाणीच्या पायरीवरून घसरली होती आणि पाय प्लास्टरमध्ये घालून खाटेवरून हुकूम सोडत होती. म्हणजे बाबांशिवाय इलाज नव्हता.

“बाबानू, सोमवारी तुमका येवचा लागतला,” मी जेवताना म्हटलं.

बाबा भात कालवत राहिले. मग ताटाकडे बघतच म्हणाले, “ओनरांच्या मिटिंगेत डायवराचा काय काम? तू जा.”

मला वाटलं, ते ऑनर्सलाच ओनर म्हणताहेत आणि एवढ्या शिकलेल्या लोकांत जायला लाजताहेत. माझं डोकं फिरलं. ड्रायव्हर असणं म्हणजे काय चोरी आहे का, असं मी मोठ्याने विचारलं. जागा गेली तर उद्यापासून काजूच्या बिया फोडत बसते म्हटलं. आईने खाटेवरून आधी मला गप्प केलं आणि मग त्यांना सुनावलं. बाबांनी हात धुतले आणि ते बाहेर जाऊन टिप्परची काच पुसू लागले, जी त्यांनी संध्याकाळीच पुसली होती.

रविवारी मात्र त्यांनी इस्त्रीत निखारे घातले. मला इतका आनंद झाला की मी चहा करून दिला, न मागता. ट्रंकेत त्यांचा एक पांढरा शर्ट होता, लग्नकार्यात घालायचा. आईने तो काढायला सांगितला. बाबा नको म्हणाले आणि त्यांनी ड्रायव्हरचा खाकी शर्ट इस्त्री केला, अगदी बटणांच्या मधल्या जागेसकट. पांढऱ्यावरून आई कुरकुरली. मी म्हटलं, येताहेत ना, मग हिरवा घालू देत.

बसमध्ये ते सबंध वाटभर एवढंच बोलले की हा ड्रायव्हर गिअर फार ओढून टाकतो. विद्यापीठात पोचलो तर झाडांखाली पालकांच्या गाड्या लागलेल्या, आणि बाजूला त्या गाड्यांचे ड्रायव्हर गप्पा मारत उभे. बाबांची पावलं आपोआप तिकडे वळली.

“तू पुढे हो,” ते म्हणाले. “मी हयसरच आसय.”

मला वाटलं, जरा दम खाऊन येतील. मी आत जाऊन दोन खुर्च्या धरल्या. एकेकाचं नाव घेत होते, मुलगा किंवा मुलगी उठायची, बरोबर आईवडील उठायचे, पुढे जायचे. माझं नाव आलं तेव्हा शेजारची खुर्ची रिकामीच होती. जरा थांबा म्हणून मी धावत बाहेर आले. बघते तर बाबा कुणाच्या तरी गाडीचं बॉनेट उघडून त्यात डोकं घालून उभे, आणि हात कोपरापर्यंत काळे. गेल्या आठवडाभरात ते एवढे खुशीत मला दिसले नव्हते. मी त्यांची बाही धरली आणि ओढतच आत नेलं.

समोर तेच वयस्कर सर होते. त्यांनी कोकणीत विचारलं, तुम्ही हिचे वडील का? बाबा त्यांच्यासमोर उभे राहिले, काळे हात पाठीमागे धरून.

“होय सायबानू,” ते म्हणाले. “पण आधीच सांगतंय, मी ओनर नाय. डायवर आसय. माझी एकय गाडी नाय. तुम्ही माझ्या चेडवाक ओनरांत घेतलात. उद्या ह्या कळला म्हणान तेका भायर काढू नकात.”

सरांना काही उमगेना. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मलाही उमगेना. मग त्यांनी बाबांना गाव विचारलं. सुर्ला, म्हणाले बाबा. सरांनी चष्मा काढला, आणि त्यांच्या चेहऱ्यावर ते हळूहळू उजाडलेलं मी पाहिलं.

“ओनर न्हय हो,” सर म्हणाले. “ऑनर. म्हळ्यार मान.”

“मान?”

“मान. तुमच्या चेडवान स्वताच्या बळार मेळयला.”

बाबांनी हात पाठीमागून पुढे आणला, इस्त्रीच्या खाकी शर्टावर खसाखसा पुसला आणि सरांपुढे धरला. सरांनी तो हातात घेतला, तेलासकट. नवा की जुना, दोन उंडे, दहा चाकी, सगळं मला त्या एका क्षणात कळलं आणि मी हसायला लागले. मग लक्षात आलं की हा माणूस आठवडाभर गप्प होता तो माझी जागा जाऊ नये म्हणून, आपल्याला तिथे कुणी बघू नये म्हणून. मग मी रडले, सगळ्यांसमोर, आणि मला त्याची जराही लाज वाटली नाही.

रुजू झाल्यावर आम्हांला लॅब दाखवली. बाबांनी चपला काढल्या आणि एका कॉम्प्युटरपुढे बराच वेळ उभे राहून विचारलं की हा तुझा एकटीचा का. एकटीचा, मी म्हटलं. त्यांनी पडद्यावरची धूळ बाहीने पुसली.

हॉस्टेल पुढच्या आठवड्यापासून होतं, म्हणून मीही बाबांबरोबर परतले, आणि बसमध्ये शिकवणी झाली. मी म्हणायचे ऑनर, ते म्हणायचे ओनर. मी सांगितलं, डॉक्टरला घसा दाखवता तसं तोंड उघडा. त्यांनी इतकं उघडलं की पुढच्या सीटवरची बाई वळून बघायला लागली, आणि मग आम्ही दोघं डिचोलीपर्यंत हसत आलो.

नाक्यावर उतरलो तर शेटची जीप चहाच्या दुकानापुढे उभी होती. शेट आतूनच म्हणाले, “कितें रे, तुजें चेडूं ओनर जालें म्हूण आयकलें. आतां म्हजी गाडी सोडटलो?” दुकानातली पोरं हसली. बाबांनी माझी पिशवी खाली ठेवली.

“नाय शेटानू. ओनर तुम्ही,” ते म्हणाले. मग डॉक्टरला दाखवावा तसा घसा उघडला. “आमच्या चेडवाक ऑनर गावलो.”

शेटनी विचारलं, त्यात फरक काय?

“खाली उतरा,” बाबा म्हणाले. “चाय घेता घेता सांगतंय.”

आणि शेट जीपमधून खाली उतरले.