चौथ्या मिनिटाला मी मरतो

माझ्या धाकट्या मुलाने काढलेल्या सिनेमात मी चौथ्या मिनिटाला मरतो. प्रत्यक्षात मी अठ्ठ्याहत्तर वर्षांचा आहे, रायपुरातल्या तेलीबांध्याच्या तलावाला रोज सकाळी एक फेरी मारतो आणि गेल्याच महिन्यात दात नवे बसवून घेतले आहेत. मरणारा माणूस दात कशाला बसवील?

सिनेमाचं नाव ‘उणे अठरा’. टोरांटोत राहणाऱ्या दोन भावांची गोष्ट. वडील रायपुरात वारतात. थोरला धाकट्याला सांगतो, “मी चाललोय, तू राहू दे,” आणि जातच नाही. मग दीड तास भाऊ एकमेकांशी बोलत नाहीत आणि बर्फ पडतो. कुठल्याशा महोत्सवात लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या म्हणे. परदेशातल्या एकटेपणाचं फार सूक्ष्म चित्रण आहे, असं कुणीतरी लिहिलंही.

एकटेपणा वगैरे काही नाही हो. तो सगळा घोळ मी घातला होता, इथे रायपुरात बसून, पंख्याखाली. चार वर्षं बोललो नाही, म्हणून आता लिहितो आहे.

आमच्या घराण्यात मुलाचं कौतुक त्याच्या तोंडावर करत नाहीत. पोरगं शेफारतं, शिवाय दृष्ट लागते. करायचंच तर त्याच्या भावासमोर करायचं. माझे वडील मला दगड म्हणत. मी हुशार आहे हे ते माझ्या मोठ्या भावाला सांगत आणि तो संध्याकाळी मला बदडून काढी. त्यावरून मला कळायचं की आज आपलं कौतुक झालं. एका घरात ही पद्धत उत्तम चालते. टोरांटोत मात्र थोरला विवेक शहराच्या एका टोकाला, धाकटा मंदार दुसऱ्या टोकाला. बदडायला एवढ्या लांब कोण जाणार? त्यामुळे वर्षानुवर्षं विवेकला फक्त मंदारचं कौतुक ऐकू येत राहिलं आणि मंदारला फक्त विवेकचं. (“दादा बघ, रोज फोन करतो.” दादा दिवाळीला करायचा.)

चार वर्षांपूर्वी माझ्या बायकोच्या, कुसुमच्या, गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं. दोघांपैकी एकाने तरी यावं असं मला फार वाटत होतं. पण ‘ये रे बाबा’ असं सरळ म्हणायला आमची जीभ वळत नाही. मी विवेकला फोन केला. “मंदारने तिकीट काढलं बरं का.” मग मंदारला फोन केला. “दादा तर निघालाच समज.” एकाचं ऐकून दुसरा लाजेल आणि धावत येईल, असा माझा अंदाज.

दोघेही लाजले नाहीत. दोघांनाही हायसं वाटलं.

आला कोणीच नाही. कुसुमला मी सांगितलं की दोघांना रजा मिळाली नाही. व्हीलचेअर मी आणि आमच्या इथल्या मराठी मंडळाचे सेक्रेटरी ठोंबरे, दोघांनी मिळून ढकलली. (दोघांचं वय मिळून दीडशे. लिफ्टमध्ये कुसुमच आम्हाला धीर देत होती.) आणि पुढच्या आठवड्यात टोरांटोत भडका उडाला.

“दादा, तू जाणार होतास ना?”

“मी? तिकीट तर तू काढलं होतंस.”

“मी कधी काढलं? खोटं का बोलतोस?”

प्रत्येकाला वाटलं, दुसरा आपल्याला फसवून वर उलटतोय. दोघांनीही न्याय मागायला मलाच फोन केला. एक वाक्य बोललो असतो तर मिटलं असतं. मी काय बोललो? “तुम्ही आता मोठे झालात, आपसात बघा.” आणि त्यांनी बघितलं. चार वर्षं एकमेकांचं तोंड बघितलं नाही!

त्यावर मंदारने हा सिनेमा काढला. बरं, काढला तर निदान जे झालं ते तरी दाखव. गुडघा हिचा, मेलो मी! आणि खोटारडा कोण, तर बिचारा विवेक, ज्याने या सगळ्या प्रकरणात एकही खोटा शब्द उच्चारला नव्हता.

यंदाच्या हिवाळ्यात मंदार रायपूरला आला, तेव्हा ठोंबऱ्यांनी मंडळाच्या हॉलमध्ये खेळ ठेवला. पोहे होते, त्यामुळे गर्दी झाली. चौथ्या मिनिटाला मी गेलो. हॉलमध्ये हळहळ पसरली आणि मागच्या रांगेतल्या बाईंनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. मी वळून म्हटलं, “अहो, मी आहे.” त्या म्हणाल्या, “हो हो, पण तरी.” मरण्याआधी पडद्यावरचा मी चहात तीन चमचे साखर घालत होता. मला मधुमेह आहे!

मग बर्फ सुरू झाला. थोरला भाऊ फावड्याने तो काढत होता. एक शब्द नाही. दहा मिनिटं झाली.

“हा कवापर्यंत बर्फ काढून राहिला?” ठोंबरे माझ्या कानात म्हणाले.

“दुःख आहे ते,” मी म्हटलं.

“मग मशीन घे ना म्हणा बाबू.”

खेळ संपल्यावर प्रश्नोत्तरं झाली. ठोंबऱ्यांची नात उभी राहिली. तिला मराठी समजते, पण बोलते हिंदीत. “भैया, वो बड़ा भाई, रियल में भी ऐसा ही है क्या?”

 मंदार म्हणाला, “हो. तेवढं खरं आहे.”

मला राहवलं नाही. मी उठलो. सगळा हॉल माझ्याकडे बघू लागला. कुसुमही बघू लागली. आता बोलायचंच, असं ठरवून मी तोंड उघडलं आणि म्हणालो, “मी चहात साखर घेत नाही.”

टाळ्या पडल्या. मी बसलो. घरी येताना कुसुम म्हणाली, “काहून उभे राहिले होते? साखरेसाठी?”

त्या रात्री मला झोप लागली नाही. सकाळी ठरवलं, घराण्याची रीत मोडायची. टोरांटोत रात्र होती. मी विवेकला फोन लावला.

“विवेक, तू फार चांगला मुलगा आहेस. मला तुझा अभिमान वाटतो.”

 पलीकडून हळू आवाज आला. “बाबा, आई कुठे आहे? आईला फोन द्या.”

मी फोन ठेवला आणि नाश्त्याला बसलेल्या मंदारला म्हणालो, “सिनेमा छान झालाय. तू हुशार आहेस.” त्याने चमचा खाली ठेवला, माझ्याकडे नीट बघितलं आणि उठून गॅलरीत गेला. दार लोटायला विसरला, म्हणून मला ऐकू आलं.

“दादा, मी मंदार. फोन ठेवू नको. बाबा माझं कौतुक करून राहिले.”

चार वर्षांनी निघालेला पहिला शब्द हा! पलीकडून विवेक ओरडला, “अरे, माझंही केलं!”

पाच मिनिटांत दोघे माझ्यासमोर, मंदार खुर्चीत आणि विवेक व्हिडिओवर. बाबा, आज वार कोणता? शंभरातून सात वजा करत या. मी म्हटलं, “अरे, डोकं ठीक आहे माझं. तिकीट तुमच्यापैकी कोणीच काढलं नव्हतं. दोघांनाही मीच खोटं सांगितलं होतं.” आणि मग पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळं सांगितलं. कुसुम दारात उभी राहून ऐकत होती.

दोघांनी एकमेकांकडे बघितलं. मंदार दबक्या आवाजात म्हणाला, “दादा, बाबांना भास होऊन राहिले.”

“आजच डॉक्टरांना दाखव,” विवेक म्हणाला.

अठ्ठ्याहत्तर वर्षांत एकदा खरं बोललो, तर मला एमआरआयच्या त्या धडधडणाऱ्या नळकांड्यात घातलं! बाहेर बाकावर मंदार आणि फोनवर विवेक तासभर बोलत होते. आधी माझ्या मेंदूबद्दल, मग माझ्या स्वभावाबद्दल. बाहेर आलो तेव्हा दोघे हसत होते. विषय मीच होतो, तेव्हा मी विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी रिपोर्ट बघून सांगितलं की मेंदू उत्तम आहे, स्मरणशक्ती तर तरुणाला लाजवील अशी आहे. मंदार खुर्चीत मागे टेकला. “म्हणजे दादा खरंच खोटं बोलला नव्हता,” तो स्वतःशीच म्हणाला आणि फोन घेऊन बाहेर पळाला.

खोलीत मी, डॉक्टर आणि कुसुम उरलो. तिने रिपोर्ट हातात घेतला, चष्मा लावून शेवटच्या ओळीपर्यंत वाचला आणि घडी करून पर्समध्ये ठेवला.

“म्हणजे ऑपरेशनच्या तवाही डोकं ठिकाणावरच होतं,” ती म्हणाली. “मले वाटलं होतं, निदान ते तरी कारण निघन.”