कुलपाआडून वाजलेली शिट्टी

घराला बाहेरून कुलूप लावून तुम्ही कामावर निघता, तेव्हा आत कुणी माणूस राहिलेलं असतं का? याचं उत्तर आधी मनाशी द्या, मग पुढं वाचा.

मी भुताखेतांवर विश्वास ठेवणारी नाही. आमच्या घरात देवांच्या तसबिरींपेक्षा पत्रकांचे गठ्ठे जास्त होते. बाबा बुवाबाजीविरुद्धची पत्रकं आठवडे बाजारात वाटायचे, मी त्यांच्यामागं पिशवी धरून. "पुरावा काय?" हा प्रश्न मी बाराखडीबरोबरच शिकले. त्यामुळं हे लिहिताना अवघडल्यासारखं होतंय... पण घडलेलं दडवणं हाही खोटेपणाच.

आमची कॉलनी बारामतीबाहेर, इंदापूर रस्त्याला. बैठी घरं, पुढं लोखंडी जाळीचं दार, मागं ऊस. बरेच जण लोणी देवकरच्या एमआयडीसीत कामाला. दिवसा कॉलनीत उरतात ती म्हातारी माणसं आणि माझ्यासारखी घरून काम करणारी एखादी. अशाच एका दुपारी दोघं मोटरसायकलवरून पाणी मागायला आले आणि कोपऱ्यावरच्या काकूंच्या गळ्यातलं गंठण ओढून गेले. काकू उंबऱ्यावर आपटल्या. त्यांचा हात अजून नीट वर जात नाही. म्हणजे भीती खोटी नव्हती, हे आधीच सांगते.

मग मीटिंग झाली. पुढाकार रावसाहेब तात्यांचा. कारखान्यातून रिटायर झालेले, आवाज करडा. ठरलं असं – घरातली कमावती माणसं बाहेर पडली की दाराला बाहेरून कुलूप. म्हातारं माणूस आत. म्हणजे कुणी गोड बोलून दार उघडायला लावायचा प्रश्नच नाही. शिवाय घरटी एक प्लास्टिकची शिट्टी. ती वाजली की हातातलं काम टाकून सगळ्यांनी धावायचं.

मी उभी राहिले. "तात्या, आतलं माणूस पडलं तर?"

"शिट्टी हाय की! ती काय शोभंला दिलीया?"

"आणि किल्ली?"

"किल्ली ज्याची त्याच्यापाशी. हल्ली कुणाचा भरवसा न्हाय."

हे वाक्य ऐकून जैनबचाचींनी मान खाली घातली. माझ्या समोरच्या घरातल्या. त्यांच्या स्वयंपाकघरात खिळ्यांवर अर्ध्या कॉलनीच्या किल्ल्या लटकायच्या. कुणाची पोरं शाळेतून लवकर आली, कुणाचा गॅस सिलिंडर आला, की चाचींकडं किल्ली. त्या आठवड्यात एकेकानं "जरा लागतीय" म्हणत आपापली किल्ली परत नेली. चाचींनी रिकामे खिळे मात्र भिंतीत तसेच ठेवले.

मी चिडून पत्रक काढलं – 'चोराला कुलूप लावा, आईबापांना नको!' झेरॉक्स काढून दारोदार सरकवलं. दुसऱ्या दिवशी तात्या त्याच कागदानं स्कूटरची सीट पुसत होते.

आता ती दुपार. मी लिहीत बसले होते आणि शिट्टी वाजली. लांब, कर्कश. धावत बाहेर आले तर चाचींच्या जाळीपाशी एक चादरी विकणारा तरुण उभा, पाठीवर गाठोडं. तात्या काठी घेऊन पोचले, मागून आणखी चार-पाच जण.

"काय रं, दाराला कशाला चिकटला व्हतास?"

"काका, आतनं शिट्टी वाजली. कोण तरी अडकलंय वाटतं. कुलूप उघडा की!"

"बघा! चोरच म्हणतोय कुलूप उघडा!"

कुणीतरी हसलं, कुणीतरी त्याचं गाठोडं ओढलं. तात्यांनी कॉलर धरली. पोराचा चेहरा पांढराफटक पडला. मी मध्ये घुसले. "हात लावायचा नाही त्याला! आधी आत बघा."

"आली पत्रकवाली! ह्याला बी दे एखादं," मागून कुणीतरी ओरडलं.

आणि तेवढ्यात शिट्टी पुन्हा वाजली. आतून. आम्ही सगळे जाळीपुढं उभे होतो, कुणाच्याही तोंडात शिट्टी नव्हती. शेवटी शेवटी ती बारीक होत गेली... दम संपल्यासारखी.

तात्यांची पकड सुटली. "चाची! ओ चाची!" उत्तर नाही. चाचींचा मुलगा सलीमभाई ड्यूटीवर, सून शाळेत शिकवायला, दोघांचे फोन लागेनात. मग ज्यांनी नियम केला त्या तात्यांनीच घरून पहार आणली आणि कुलूप तोडलं.

चाची स्वयंपाकघरात पडल्या होत्या. तोंड एका बाजूला गेलेलं, डोळे उघडे. गॅस बंद, कुकर रिकामा. त्या चादरवाल्यानं गाठोडं सोडलं, कोरी चादर जमिनीवर अंथरली आणि म्हणाला, "धरा चारी कोपरं." असं आम्ही त्यांना गाडीपर्यंत नेलं. आणखी उशीर झाला असता तर हाती काही लागलं नसतं, असं डॉक्टर म्हणाले.

संध्याकाळी सलीमभाई दवाखान्यात धापा टाकत आला. तात्या म्हणाले, "आईनं शिट्टी वाजवली म्हणून वाचली बाबा."

सलीमभाईनं खिशातून किल्ल्यांची रिंग काढली. रिंगेत नारिंगी शिट्टी. "शिट्टी तर माझ्यापाशी हाय, तात्या. हरवायला नको म्हणून किल्लीत अडकवली व्हती."

तात्या बाकावर बसले. हळूच स्वतःच्या खिशात हात घातला. त्यांच्याही किल्लीत शिट्टी होती... आणि घरी त्यांची बायको, कुलपाआड.

घर धुंडाळलं. दुसरी शिट्टी नाही. शेजारच्या दोन्ही घरांत कुणी नव्हतं. चादरवाल्यानं न सांगताच स्वतःचा खिसा उलटा करून दाखवला. त्याच्यावर ती वेळ आणल्याची मला आजही लाज वाटते.

चाचींची जीभ पुन्हा वळायला बरेच दिवस गेले. मी विचारलं, "चाची, शिट्टी कुणी वाजवली?"

"मला काय ठावं? बाहेर वाजत व्हती की. मला वाटलं, तुमाला चोर घावला. पण माणसं जमली, एवढ्यानंच जिवाला बरं वाटलं."

"आम्ही तर आतून ऐकली."

"आन् मी बाहेरनं, पोरी."

बाबांना सांगितलं. ते म्हणाले, "लिही. आणि कारण माहीत नाही, हेही लिही." तर लिहिते – कारण मला माहीत नाही. पुरावा काय, तर एक तुटलेलं कुलूप. चाचींच्या भिंतीवरचे खिळे आता पुन्हा भरलेत. पहिली किल्ली तात्यांनी लावली.

माझी एकच विनंती आहे. उद्या घराला कुलूप लावाल तेव्हा आतल्या माणसाला विचारून लावा, आणि एक किल्ली शेजारी द्या. पण ते उद्या. आत्ता हे वाचून झालं की उठा, आणि शेजारच्या बंद दाराची कडी वाजवा. आतून ओ येईपर्यंत तिथून हलू नका.