सहीच्या आधी

गोदीत क्रेन चालवणारा तो माणूस बुटका, म्हणून सगळे त्याला उंच्या म्हणत. पन्नाशी आली तरी डोक्यावर भाड्याचंच छप्पर होतं. शेवटी बायकोने पिच्छा पुरवला, तेव्हा म्हातारपणासाठी बँकेत उघडलेल्या खात्यातून त्याने पैसे काढले. पहिलं घर घेणाऱ्याला तशी सवलत होती. अट एकच, चार महिन्यांत खरेदी उरकायची. नाहीच जमलं तर त्याच मुदतीत पैसे परत खात्यात भरायचे. दोन्ही हुकलं, की कराने कंबरडं मोडलंच म्हणून समजा.

विकणारा आज-उद्या करत राहिला आणि मुदतीचा शेवटचा दिवस उजाडला. नोंदणी कार्यालयात सगळे जमले. विकणाऱ्याची थोरली बहीण त्याच घरात राहायची, निम्मा वाटा तिचा. ती पेन हातात धरून नुसतीच बसली.

"अक्का, कर ना सही," भाऊ दातओठ खात म्हणाला.

"मी जाऊ कुठे, ते सांग आधी."

"माझ्याकडे ये."

"तुझ्या बायकोला विचारलंस?"

भाऊ खिडकीबाहेर बघायला लागला.

उंच्याने घड्याळ पाहिलं. बँक बंद व्हायला तासभरही उरला नव्हता. बायकोने त्याची बाही ओढली. "थांबा हो जरा. होईल राजी. हातातोंडाशी आलेलं घर घालवू नका."

भाऊ बहिणीच्या कानाशी लागला. काय बोलला कोण जाणे. तिचे डोळे भरून आले आणि पेनाचं टोक कागदाला टेकलं. आता नुसतं गप्प बसायचं, की घर आपलं!

"अक्का, राहू द्या," उंच्या म्हणाला. "रडत रडत सही नका करू. आम्हाला त्या घरात झोप लागायची नाही."

भाऊ अंगावर धावून आला. उंच्या तोवर जिना उतरला होता. बँकेचा शिपाई शटर ओढत होता. अर्ध्यावर आलेल्या शटरखालून तो फारसा न वाकताच आत शिरला. पैसे पुन्हा खात्यात जमा झाले, पावती मिळाली, आणि मग कुठे तो बाकावर टेकला.

बायको आठवडाभर त्याच्याशी धड बोलली नाही. पुढल्या वर्षी त्यांनी रस्त्यालगत दोन खोल्या घेतल्या. पैसे वेळेत परत भरल्यामुळे सवलत शाबूत होती.

अजूनही कपडे वाळत घालताना ती म्हणते, "त्या घराला गच्ची होती."

"होती खरी," तो म्हणतो, आणि दोरीचं दुसरं टोक धरतो.