सिस्टरबाईंनी अडवलेली सही

फोन आला तेव्हा मी प्रयोगशाळेत प्रात्यक्षिक परीक्षा घेत होतो. बाभुळगावहून सिस्टरबाईंच्या सुनेचा. "सर, आई गेल्या. सकाळी कोंबड्यायले दाने टाकले, जरा पडतो म्हने, अन् मंग..." ऐंशीच्या घरातलं वय, आदल्या दिवसापर्यंत स्वतःचं सगळं स्वतः केलेलं. आता महिना होत आला. वाईट वाटतंच, पण त्यांची आठवण निघाली की आमच्या विभागात अजून कुणीतरी हसतंच, आणि मीही हसतो. त्यामुळे हा लेख रडका होणार नाही.

प्रमिला सिस्टर म्हणजे बाभुळगाव तालुक्यातल्या उपकेंद्रात उभं आयुष्य बाळंतपणं करण्यात गेलेल्या परिचारिका. यवतमाळचं आमचं महाविद्यालय लहान. प्राणिशास्त्र विभागात पांढऱ्या उंदरांचे चार पिंजरे आणि अंडी उबवायचं एक यंत्र, एवढाच पसारा. पण प्राण्यांवर प्रयोग करायचे तर नियमाप्रमाणे समिती लागते, आणि तिच्यात संशोधनाशी संबंध नसलेला बाहेरचा एक माणूसही लागतो. आमच्याकडे ज्याला त्याला कामं, आणि ज्याला वेळ आहे त्याला उंदरांची किळस. प्राचार्यांनी सिस्टरबाईंचं नाव सुचवलं. खरं सांगतो, निवृत्त बाई आहेत, येतील, सही करतील, जातील, अशा समजुतीनंच मी मान डोलावली. पहिल्याच बैठकीत त्यांनी माझा अर्ज परत माझ्याकडे सरकवला. "सर, हे इंग्रजीत हाय. मले समजलंच नाई, त मी सही कायची करू?" मी मनातल्या मनात भडकलो. मग रविवारभर बसून तो अर्ज मराठीत लिहिला आणि लिहिताना कळलं, की त्यातल्या दोन गोष्टी मलाही नीट समजलेल्या नव्हत्या. हे मी तेव्हा कुणाला सांगितलं नाही. आज सांगतो.

आमची खरी गाठ पडली ती अश्विनीच्या कामावरून. ही माझी संशोधक विद्यार्थिनी, उमरखेडकडची, घरची कपाशी. फवारणीच्या औषधाचा अंश अंड्यात गेला तर आतल्या गर्भावर काय परिणाम होतो, हे ती पाहत होती. एकविसाव्या दिवशी पिल्लू बाहेर येतं, म्हणून अठराव्या दिवशी प्रयोग थांबवायचा. अंड्यात आहे तोवर समितीला विचारायची गरज नाही, अशी माझी सोयीची समजूत होती. परवानगी मागितलीच नव्हती. आणि अंड्यांची एक तुकडी यंत्रात ठेवताना कॅलेंडरकडे कुणी पाहिलं नाही. अठरावा दिवस नेमका पोळ्याचा आला! दुसऱ्या दिवशी पोरांचा तान्हा पोळा, तिसऱ्या दिवशी रविवार. अश्विनीच्या घरी बैलजोडी, तिला जाणं भाग होतं. "तू जा, मी येऊन थांबवतो," मी मोठ्या तोऱ्यात म्हटलं. त्या दिवशी पुरणपोळ्या हादडून मी जो आडवा झालो तो संध्याकाळीच उठलो. पुढचे दोन दिवस ही गोष्ट डोक्यातच आली नाही.

सोमवारी दार उघडलं तर यंत्रातून चिवचिव. सात पिल्लं! अश्विनीचा चेहरा पांढराफटक पडला. मी तिला म्हटलं, वहीत लिही की ही तुकडी खराब निघाली. पिल्लांची सोय मी लावतो. आणि यवतमाळ परिसरात कोंबड्या पाळणारं माझ्या ओळखीचं माणूस एकच... मी चक्क सिस्टरबाईंना फोन लावला. समितीपासून लपवायची पिल्लं समितीच्याच सदस्याला न्यायला सांगणारा प्राध्यापक विदर्भात दुसरा झाला नसेल.

त्या टोपली घेऊन आल्या. पिल्लं पाहिली, मग माझ्याकडे पाहिलं. "कुठची हायत ही?" मी सांगितलं. टोपली त्यांनी बाहेरच ठेवली. "औषध टोचेल पिल्लं माह्या कोंबड्यात सोडू? उद्या माहा नातू त्यायची अंडी खाईन. अन् सर, दोघायचे पाय तं पाहा." दोन पिल्लांचे पाय वाकडे होते, उभं राहता येत नव्हतं. मी अजीजीनं म्हटलं, "सिस्टर, हे कागदावर आलं तर पोरीचं काम बंद पडेल." त्या म्हणाल्या, "आलं नाई, तं पुढच्या टायमालेबी हेच होईन. काहून लपवता?"

समितीतल्या पशुवैद्य डॉक्टरांना त्यांनीच बोलावलं. ती दोन पिल्लं वाचणारी नव्हती. डॉक्टरांनी त्यांना वेदना न होऊ देता संपवलं, तेवढा वेळ सिस्टरबाई पिल्लं पदरात घेऊन बसल्या होत्या. मी खिडकीपाशी गेलो. उरलेली पाच विभागातच वाढली. अहवाल त्यांनी स्वतःच्या अक्षरात लिहिला, आणि त्यात एक वाक्य होतं: चूक मार्गदर्शकाची आहे, विद्यार्थिनीची नाही. अश्विनीचं काम सहा महिने थांबलं. मी दोन महिने त्यांच्याशी बोललो नाही. समोर आल्या की मोबाइलमध्ये डोकं घालायचो. इतका राग मी सख्ख्या भावावरही धरलेला नाही.

पण काम बंद पडलं नाही. रीतसर अर्ज केला, प्रयोग कोणत्या दिवशी थांबणार आणि त्या दिवशी हजर कोण राहणार हे नावानिशी लिहिलं, परवानगी मिळाली. अश्विनीचा प्रबंध पूर्ण झाला. तोंडी परीक्षेत बाहेरच्या तज्ज्ञांनी विचारलं, या तुकडीचं काय झालं? तिनं तो अहवाल पुढे ठेवला आणि न डगमगता सगळं सांगितलं. तिला घाबरायचं कारणच उरलं नव्हतं. मी मागच्या बाकावर घाम पुसत होतो. त्याच संध्याकाळी पेढे घेऊन बाभुळगावला गेलो. सिस्टरबाईंनी एक पेढा खाल्ला आणि म्हणाल्या, "बसा सर. तुमी बोलत नव्हते ते दोन महिने लय शांततेत गेले माहे."

गेल्या आठवड्यात त्यांच्यानंतरची पहिली बैठक झाली. अर्ज माझाच होता, पुन्हा अंड्यांवरचा, या वेळी सतराव्या दिवशी थांबवायचा. पाच मिनिटांत मंजूर! सगळ्यांनी पेनं काढली. मंजुरी इतक्या झटपट मिळाल्याचं मला आयुष्यात पहिल्यांदा वाईट वाटलं... मी कागद हातानं झाकला आणि म्हटलं, "थांबा. कुणीतरी काहीतरी विचारा." सगळे एकमेकांकडे बघायला लागले. शेवटी पशुवैद्य डॉक्टर खाकरले. "सर, सतराव्या दिवशी आतल्या जीवाले दुखते का नाई, हे तुमी काय पाहून ठरवणार?"

ते मी अर्जात लिहिलंच नव्हतं. अर्ज परत घेतला, घडी करून खिशात ठेवला. सिस्टरबाई गेल्यापासून त्या दिवशी मला पहिल्यांदा बरं वाटलं.