कोबीचा वास

आयोवातल्या त्या छोट्या गावात वर्लिन ऑस्टबीइतका चौकस म्हातारा दुसरा नव्हता. कुठल्याही गोष्टीचं कारण सापडल्याशिवाय त्याला चैन पडत नसे. हिवाळ्याच्या तोंडावर त्याने दुकानातून रेडॉन तपासायची डबी आणली. जमिनीतून घरात शिरणाऱ्या या वायूला ना रंग, ना वास. फुफ्फुसं मात्र पोखरतो. दारं-खिडक्या बंद करून त्याने डबी चार दिवस तळघरात ठेवली आणि टपालाने प्रयोगशाळेला धाडली.

उत्तर आलं, वायू जवळजवळ नाहीच! गावातल्या बाकी घरांचे आकडे मात्र धोक्याच्या वर.

"चांगलं आलंय ना? मग आता काय उकरतोयस?" बायको आर्डिस म्हणाली.

"अगं, आपलंच घर तेवढं आभाळातून पडलंय का?"

बॅटरी घेऊन त्याने तळघरातली भेग न् भेग पाहिली. आंबवलेल्या कोबीच्या बरणीमागे खिडकीची कडी उघडी दिसली.

"ही कुणी उघडली?"

आर्डिस ओशाळली. "मीच. तू सकाळी कॉफीला गेलास की रोज उघडायचे. अरे, त्या डबीतून आपल्या घरची हवा परक्यांपुढे जाणार! तिला कोबीचा वास आला असता तर बरं दिसलं असतं?"

वर्लिनने दुसरी डबी आणली. यावेळी खिडकी बंदच राहिली. आकडा शेजाऱ्यांच्या तिप्पट आला.

आर्डिसने कागद दोनदा वाचला. मग तळघराच्या कोपऱ्यातल्या आपल्या शिलाई मशीनकडे बघत राहिली.

"चाळीस वर्षं इथेच शिवत बसले," ती म्हणाली, "आणि लाज कशाची वाटली, तर कोबीच्या वासाची."