लोण्यासाठी रुसलेला जावई

निजामाचं फसली तेराशे अडतीस साल, म्हणजे इंग्रजी एकोणीसशे अठ्ठावीस-एकोणतीस. मी बावीस वर्षांचा होतो आणि मला सगळं कळतं असं मला वाटायचं. आता चौऱ्याऐंशी उलटली, अजून तसंच वाटतं. शिक्षण म्हणाल तर निजामाच्या शाळेत अलिफ बे पे गिरवलं, मराठी चार अक्षरं झाली, आणि मग बैलांनी बोलावलं म्हणून गेलो. तरी लिहितोय. ज्याला शुद्धलेखन पाहिजे त्यानं दुसरीकडं जावं.

लिहायचं कारण नातसून. पहिलटकरीण. परवा लेकराला अंगावर घेताना कळवळत होती. थानाच्या बोंडांना चिरा पडलेल्या. डॉक्टरीणबाईनं मलमाची नळी दिली आणि घरात अशी कुजबुज सुरू झाली की जशी खून झाल्याची खबर आलीय. आजोबाला ऐकू जाऊ नये म्हणून दार ओढून घेतलं. मला ऐकू कमी येतं, पण मला ऐकू जाऊ नये म्हणून जे बोलतात ते बरोबर येतं. ह्या पोरांना काय माहीत, ह्याच दुखण्यापायी मी एकदा भर पंगत अडवून धरली होती.

आमचं गाव धारूरच्या अंगाला, डोंगराच्या कडेवर. बायकोचं माहेर केजकडं. पहिलं बाळंतपण माहेरी, ही रीत. बापानं बारशापर्यंत तिकडं फिरकायचं न्हाई, ही बी रीत. बाजारला आलेल्या एका माणसानं निरोप दिला की मुलगी झाली, बाळंतीण खुशाल. खुशाल हा शब्द लई सोयीचा हाय. मेलेला न्हाई तो प्रत्येक माणूस त्यात बसतो.

बारशाच्या आदल्या दिवशी मी आणि माझी माय गाडी जुंपून गेलो. मायच्या मांडीवर झबलं-टोपऱ्याचं गाठोडं, माझ्या डोक्यावर नवा पटका. सासऱ्यानं वेशीवर गडी पाठवला. मला घोंगडीवर लोडाला टेकवलं आणि बसवूनच ठेवलं. पाण्याचा तांब्या उचलायला हात केला की तिघं धावायची. सासरे मोठा माणूस. केजच्या कचेरीत चपराशापुढं बी हात जोडून उभे राहायचे, तिथं जेवढा आवाज गिळायचे तेवढा सगळा घरी येऊन काढायचे.

बाळंतिणीची खोली गोठ्याला लागून. दाराला वाकळ टांगलेली, आत शेगडीचा धूर. पुरुषानं तिकडं बघायचं सुद्धा न्हाई. पण कान कुठं ठेवायचे ते कोणी सांगितलं न्हाई. लेकरू आतून सारखं रडत होतं. मधी थोडं थांबायचं, मग एक बाईमाणसाचा दाबलेला हुंदका यायचा आणि लेकरू पुन्हा सुरू.

"असं का रडतंय ते?" मी मेहुण्याला विचारलं.

"लेकरं रडतेतच, दाजी." त्याला स्वतःला अजून एक बी न्हवतं, त्यामुळं त्याला पक्कं ठाऊक.

दिवस कलला तसा मी जनावरं बघतो म्हणून गोठ्यात गेलो. जावयाला फुकट बसण्याशिवाय एवढंच काम करू देतात. मेहुणा म्हैस पिळत होता. नुकतीच व्यालेली, थंडीनं तिच्या सडांना चिरा पडल्या होत्या. तो आधी वाटीतलं लोणी बोटावर घ्यायचा, सडांना हळूहळू चोळायचा, "हूं हूं, माझी माय, झालं झालं" म्हणायचा आणि मगच धार काढायचा. पिळून झालं की पुन्हा लोणी. स्वतःच्या मायला त्यानं कधी एवढं गोड बोलल्याचं मी ऐकलं न्हाई. दूध घेऊन तो गेला, तेवढ्यात भिंतीतल्या झरोक्यातून आवाज आला.

"आवं."

"कोण हाय?"

"म्हैस न्हाई, मी हाय."

लग्नाला तीन वर्षं झालती, पण माझी बायको टोमणा मारते हे मला त्या दिवशी कळलं. मी झरोक्याला खेटून म्हशीची पाठ खाजवत उभा राहिलो, म्हणजे कोणी आलं तर म्हशीशीच बोलतोय असं वाटावं.

"काय झालंय गं?"

"त्या म्हशीचा जन्म बरा. तिला लोणी, मला चुना."

मग तिनं सांगितलं. दोन्ही बोंडांना चिरा. लेकरू ओढायला लागलं की चिरेतून रगत येतं. दृष्ट लागली म्हणून आधी मिरच्या जाळून झाल्या, त्या धुरानं माय-लेक दोघी खोकल्या. मग तिची आई हळद-चुन्याचा लेप लावायला लागली. आता चुना लेकराच्या तोंडात जाऊ नये, म्हणून दर पाजण्याआधी गरम पाण्यानं आणि पंच्याच्या बोळ्यानं खसाखसा धुणं. जरा खपली धरली की धुण्यात निघायची. निघाली की पुन्हा चुना. भाजलेल्या माणसाला कोणी असं करत न्हाई, पण बाळंतिणीला करतात, कारण ती मायेची माणसं असतात.

"मग सांग की आईला."

"सांगितलं. म्हणली, आमी काय लेकरं जन्माला घातली न्हाईत का? पाच बाळंतपणं काढली, असलं थेर न्हाई केलं."

"मग?"

"उद्याचं बारसं झालं की परवापासून बोळा. गाईचं दूध. माझं आटू द्यायचं म्हणती." इथं तिचा आवाज टोमण्यातून खाली घसरला. "मला पाजायचंय वो. दुखतंय म्हणून न्हाई म्हणत न्हाई मी. ह्यांनी धुणं बंद केलं तरी मी पाजीन."

बोळ्यानं दूध पितोस का, असं लोक चेष्टेनं म्हणतात. माझ्या थोरल्या बहिणीच्या लेकराला खरंच बोळ्यानं पाजलं होतं. फडक्याची वात दुधात बुडवायची आणि चोखायला द्यायची. लेकरू पुढचा पाऊस बघायला राहिलं न्हाई. आमच्या घरात त्याचं कोणी नाव काढत न्हाई, आणि मी बी काढणार न्हाई.

मी परसात जाऊन मायला गाठलं. ती पाय धूत होती.

"मला समदं दिसलंय," ती म्हणाली. "वाकळीआड गेले तवाच दिसलं. पण मी पोराची माय. बाळंतपण त्यांच्या घरचं. मी चकार शब्द काढला तर इहीण म्हणंल, आमच्यात काय कमी पडलं ते सांगा. मग ते भांडण तुझ्या पोरीच्या लग्नापत्तोर पुरंल."

"मग मी बोलतो."

"तू गडी माणूस! तुला त्यातलं काय कळतंय?"

"म्हशीतलं कळतंय."

"जा बे, लोडाला टेक जा," असं म्हणून तिनं तांब्या उपडा घातला.

टेकलो. आणि टेकल्या टेकल्या ध्यानात आलं की जावयाला बोलायची मुभा न्हाई, पण रुसायची हाय. पहिल्या लेकराच्या बारशाला जावई पंगतीत रुसतो, हे सगळ्या मुलखाला ठाऊक. कोणी आंगठीसाठी रुसतं, कोणी धोतरजोडीसाठी. जावयानं पहिला घास उचलल्याशिवाय पंगत पानाला हात लावत न्हाई. एरवी तू कोण विचारणारा म्हणणारी माणसं त्या वेळी काय पाहिजे, काय पाहिजे म्हणून पायाशी येतात. एवढा मोठा अधिकार आणि लोक तो धोतरावर उधळतात.

दुसऱ्या दिवशी दुपारी पंगत बसली. पुरणाची पोळी, तूप, आमटी. मी हात मांडीवर ठेवून बसलो. पहिल्यांदा सगळे हसले. रुसला, रुसला, म्हणून बायका दारात गोळा झाल्या. सासऱ्यांनी मिशीवर हात फिरवला.

"काय पाहिजे जावईबापू? पटका?"

"न्हाई."

"आंगठी करू की सुगी झाल्यावर."

"न्हाई."

"घड्याळ मागत असंल," कोणीतरी म्हणालं. "हैद्राबादी घड्याळ."

"त्याला काय करायचंय? त्याचा बैल कोंबड्याच्या आधी उठतो," दुसरा म्हणाला.

माझ्या शेजारी एक म्हातारबा बसले होते, सासऱ्यांचे कोणी चुलते. त्यांना दात न्हवते पण भूक होती. ते म्हणाले, "द्या बे काय ते त्याला. माझी आमटी गार झाली."

मग मी बोललो. "तुमी म्हशीला काय लावता?"

"म्हशीला?" सासरे म्हणाले. "लोणी."

"तेच पाहिजे."

पंगत खो-खो हसली. जावई स्वस्तात सुटला! सासूबाईंनी लगबगीनं लोण्याचा हा एवढा गोळा आणून माझ्या पानात ठेवला. मी हात मांडीवरच ठेवला.

"माझ्या पानात न्हाई. आत, बाळंतिणीला. खायला न्हाई, लावायला."

हसणं कमी झालं. सासऱ्यांना खरंच कळलं न्हाई, मोठी माणसं घरात काय चाललंय ह्यात कधी लक्ष घालत न्हाईत. त्यांनी भर पंगतीत खणखणीत आवाजात विचारलं, "कुठं लावायला?"

"तुमच्या म्हशीला लावता तिथंच."

एक माणूस आभाळाकडं बघायला लागला. एकानं पोळीची घडी पुन्हा घातली. म्हातारबांना ठसका लागला आणि त्यांच्या पाठीवर थापा मारायचं काम मिळालं म्हणून तिघं-चौघं सुटली. दारातून सासूबाईंचा आवाज चढला.

"बाई बाई बाई! गड्यानं ह्यात डोकं घालायचं? आमी काय तिला मारायला बसलोय?"

"मामी, तुमची माया मला मान्य हाय," मी म्हणालो. "फक्त चुना मान्य न्हाई. चुना बंद. खसाखसा धुणं बंद. बोळा तर न्हाईच. लेकरू आईच्या अंगावर पिलं, असं कोणी येऊन सांगितलं की मी घास उचलतो. न्हाईतर बसलोय मी."

"आन् आमी?" म्हातारबा ठसक्यातून म्हणाले.

"तुमी बी बसा."

तेवढ्यात बायकांच्या गर्दीतून माझी माय पुढं आली. तिनं मला अशी झोडपली की काय सांगावं. "लाज बांधून घरी ठेवून आलास का रे? इहीणबाई, खुळं हाय पोर, ह्याचं मनावर घेऊ नका. मी बी काल काय बोलले का तुमाला? पण आता पंगत अडलीय, माणसं उपाशी हायेत. चला, आत जाऊन उरकूनच टाकू." असं म्हणता म्हणता माझ्या पानातला लोण्याचा गोळा उचलून ती वाकळीआड गेली सुद्धा. एवढी लाजलेली आणि एवढ्या चपळाईनं चाललेली बाई मी पुन्हा पाहिली न्हाई. सासूबाईंना मागं जावंच लागलं. आपल्या घरात इहीण एकटी काय करते हे बघायला कोण जाणार न्हाई?

आम्ही सगळे पानांपुढं कान देऊन. कुडाची भिंत, आतलं सगळं ऐकू येत होतं. लेकरू रडलं. बायको "आई गं" म्हणून ओरडली. मग मायचा आवाज.

"टोकाला नको लावू तिला. थांब. आऽ करू दे पयलं. मोठा आऽ. आता घाल. बोंड न्हाई, भवतालचं काळं समदं तोंडात जाऊ दे. हां. टोक धरलं की चावतंय मग ते. हा बाहेर बसलाय न्हवं, हा बी टोकच धरायचा. महिनाभर रडले मी ह्याच्यापायी."

पंगतीतल्या प्रत्येक माणसानं माझ्याकडं बघितलं. बावीस वर्षांमागं मी कोणाला चावत होतो ते केज तालुक्याला कळलं. मी पोळीकडं बघत बसलो.

"दुखतंय का अजून?"

"दुखतंय. पण कमी."

"पाजून झालं की तुझंच दूध चार थेंब चोळ, वाऱ्यावर वाळू दे, मग लोणी. पाजायच्या वक्ताला मऊ फडक्यानं टिपून घे. घासायचं न्हाई. काय इहीणबाई?"

बोलण्यासारखं सासूबाईंकडं लई होतं, पण लेकरू रडायचं थांबलं होतं आणि त्या शांततेत गुटुक गुटुक असा आवाज येत होता. त्याच्यावर कोण बोलणार?

माय बाहेर आली. "पिली," म्हणाली. मी घास उचलला. पोळी गार, आमटी गार, तूप गोठलेलं. असं जेवण मी जन्मात जेवलो न्हाई. म्हातारबांनी आमटी परत ऊन करून मागितली आणि माझ्याकडं बघत दोन वाट्या जास्त पिले.

संध्याकाळी पोरीला पाळण्यात घातलं. सासरे मात्र फुगून बसलेले. माझ्या दारात जावई लोण्यापायी रुसला, हे ऐकून कचेरीतले चपराशी हसतील, हे त्यांचं दुःख. शेवटी ते उठले आणि चारचौघांत म्हणाले, "लोणी म्हणं! आमच्याकडं देणं-घेणं असं नसतंय. जावयाला म्हैस दिली. लोण्यासकट." लोकांनी वाहवा केली. इज्जत जागेवर आली. सासूबाईंनी तेवढं एकच वाक्य बोलून घेतलं, "मग हितं उद्यापासून लोणी कुठलं?" आणि माझ्याकडं असं बघितलं की चुन्याची डबी अजून फेकली न्हाई हे मला कळून चुकलं. बायकोला सव्वा महिना पुरा होईस्तोवर तिथंच राहायचं होतं.

सकाळी बघतो तर म्हैस आमच्या गाडीला बांधलेली, शिंगाला गुलाल. वेशीपर्यंत पोचवायला आळीतली माणसं जमलेली. मी दावं सोडलं, म्हैस माघारी गोठ्यात नेली आणि खुंट्याला बांधली. मग पटका काढून ठेवला, वाटीतलं लोणी बोटावर घेतलं, तिच्या सडांना चोळलं आणि सगळ्यांदेखत धार काढायला बसलो. जावई सासरी धार काढतोय, हे बघायला तर अख्खी आळी आली. झरोक्यातून कोणीतरी हसलं. मी भरलेली चरवी सासूबाईंच्या हातात दिली.

"मामी, म्हैस माझी. पोरगी हितं पितीय तंवर ती हितंच राहील. तिचं लोणी कुठं जायचं ते आता मी सांगणार. विरजण लावा."

आणि मायला गाडीत बसवून बैल हाणले.