पिवळ्यावर लाल

छत्रीबागेतल्या आमच्या बिल्डिंगमध्ये नळ आला की मोटर कोणी चालू करायची, याचं शेड्यूल वरच्या मजल्यावरचे काका बनवतात. दर शनिवारी ते ग्रुपवर येतं आणि डोळ्यांत मिरची जाते. पिवळ्याजर्द पार्श्वभूमीवर लाल नावं, त्यांना हिरवी किनार आणि प्रत्येक अक्षर सूज आल्यासारखं जाड. पाठवून झालं की काका स्वतः जिना उतरून येतात, हात लांब करून फोन माझ्या नाकासमोर धरतात आणि धाकट्या भावाला हाक मारावी तसं विचारतात, “दिसलं का, भिया?”

मी पोटासाठी मोबाईलचे स्क्रीनच डिझाइन करतो. त्यामुळे मला त्रास जरा जास्तच.

गेल्या गुरुवारी माझी पाळी होती आणि मी सरळ झोपून राहिलो. टाकी कोरडी, अख्खी बिल्डिंग बिनआंघोळीची. चूक कबूल करायची सोडून मी काकांनाच शिकवलं, “तुमच्या रंगांच्या गर्दीत माझं नाव दिसलंच नाही. सगळेच ओरडले तर ऐकू काय येणार? लाल रंग फक्त कामाच्या जागी ठेवा.”

काकांनी मान डोलावली. “बात तो सही आहे तुझी.”

शनिवारी नवं शेड्यूल आलं. पांढरीशुभ्र पार्श्वभूमी, बारीक राखाडी अक्षरं, भरपूर मोकळी जागा. मला हेवा वाटावा असं काम. त्यात एकच नाव लाल, जाड, अर्धा स्क्रीन व्यापणारं. माझं.

तेवढ्यात दार वाजलं. काका हात लांब करून उभे होते.

“आता दिसलं ना, भिया?”